वजनकाट्याचं रीडिंग रात्रभर आपोआप नोंदवायचं तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कांदा वाळवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ए अँड डी कंपनीचा बॅलन्स (अचूक वजनकाटा) आहे. त्याच्या खालच्या हुकाला जाळीत नमुना टांगून तो ओव्हनमध्ये सोडता आणि रात्रभरात वजन कसं घटत जातं हे दर ३० सेकंदांनी हवंय. बॅलन्स आरएस-२३२ (सिरियल) केबल आणि यूएसबी कन्व्हर्टरमार्फत विंडोजच्या पीसीला जोडलाय. संध्याकाळी जो हजर असेल तो टेरा टर्म (पोर्टवर आलेलं दाखवणारा आणि नोंदवणारा प्रोग्रॅम) उघडून लॉग सुरू करतो. काही दिवशी लॉग मध्येच थांबलेला सापडतो, तर काही दिवशी निम्मे आकडे बरोबर आणि उरलेल्यांच्या जागी भलतीच चिन्हं. हे सगळं कमांड लाइनवरून आपोआप व्हावं म्हणून कोणता प्रोग्रॅम घ्यावा, आणि पायथन शिकावंच लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

प्रोग्रॅमकडे जरा उशिरा येतो. पोर्टमधून जे येतंय ते फाइलमध्ये टाकणं हे एका ओळीच्या कमांडचं काम आहे आणि ते अर्धा डझन प्रोग्रॅम करतात. खरी अडचण वेगळीच आहे. पहाटे तीन वाजता काही आलंच नाही, तर ते सकाळी फाइल बघून कळायला हवं. वजन बदललं नाही, बॅलन्स बंद पडला, केबल सुटली, पीसी झोपला, या चारही गोष्टी आज तुमच्या फाइलमध्ये एकसारख्याच दिसतात: काहीच नाही. माझ्या कामात मी सगळ्यात आधी हे बघतो की रीडिंग न येण्याचीसुद्धा नोंद होतेय का. ते साधलं की बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

आधी तुमच्या विचित्र चिन्हांबद्दल, कारण त्यातून बरंच काही कळतं. बॉड रेट, म्हणजे बिट पाठवण्याचा वेग, चुकला असेल तर सगळाच कचरा येतो, एकही आकडा धड दिसत नाही. तुमच्याकडे निम्मे आकडे बरोबर येतात, म्हणजे वेग बरोबर आहे आणि पॅरिटी (चूक पकडायला प्रत्येक अक्षरामागे जोडलेल्या जादा बिटाची सेटिंग) चुकलीय. ए अँड डीच्या बऱ्याच बॅलन्सची मूळ सेटिंग २४०० बॉड, ७ डेटा बिट, ईव्हन पॅरिटी अशी असते. तुमच्याकडे कोणीतरी वेग ९६०० केलेला दिसतोय, पण ७ बिट आणि ईव्हन पॅरिटी तशीच राहिलीय. टेरा टर्म नव्याने उघडला की ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, अशा सेटिंगने सुरू होतो. दोन्हीकडे एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिटच लागतात, त्यामुळे अक्षरं तुटत नाहीत. फक्त पॅरिटीचा बिट आठवा डेटा बिट म्हणून वाचला जातो.

आता आकडे बघा. ईव्हन पॅरिटीत ज्या अक्षराच्या सात बिटांमध्ये एकची संख्या सम असते, त्याचा पॅरिटी बिट शून्य राहतो आणि अक्षर जसंच्या तसं दिसतं. आस्कीमध्ये (अक्षरांच्या ठरलेल्या संकेतांकांत) ०, ३, ५, ६ आणि ९ हे आकडे या गटात बसतात. १, २, ४, ७ आणि ८ मध्ये एकची संख्या विषम, म्हणून आठवा बिट चढतो आणि स्क्रीनवर भलतंच चिन्ह येतं. तुमच्या बिघडलेल्या फाइलमध्ये नेमके हेच पाच आकडे गायब असतील तर निदान पक्कं समजा. याच्या उलट असेल, म्हणजे १, २, ४, ७, ८ नीट आणि बाकीचे बिघडलेले, तर समोरचं यंत्र ऑड पॅरिटीवर आहे. सार्टोरियसचे जुने बॅलन्स १२०० बॉड, ७ बिट, ऑड पॅरिटीवर यायचे, तिथे हा प्रकार दिसतो.

ज्या दिवशी टेरा टर्मची सेटिंग जतन केलेली फाइल वापरून कोणी सुरुवात केली त्या दिवशी सगळं ठीक, आणि ज्या दिवशी थेट उघडला त्या दिवशी कचरा. सेटिंग माणसाच्या हातात आहे तोवर हे होत राहणार. म्हणून ती स्क्रिप्टमध्ये लिहा आणि बॅलन्सवरही तीच असल्याची एकदा खात्री करून कागदावर लिहून त्याच्या पाठीला चिकटवा.

यानंतरचा प्रश्न असा की आधी बोलायचं कोणी. यावर पुढची सगळी रचना ठरते. काही यंत्रं आपणहून सतत रीडिंग ओकत राहतात, काही प्रिंटचं बटण दाबल्यावर एक ओळ पाठवतात, आणि काही विचारल्यावर उत्तर देतात. बहुतेक बॅलन्समध्ये हे तिन्ही प्रकार मेनूतून निवडता येतात. तुमच्या कामाला मी डोळे झाकून तिसरा घेईन. आपण विचारलं आणि तीन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर काहीतरी बिघडलंय हे लगेच ठरवता येतं. सतत पाठवणाऱ्या यंत्राबाबत शांतता म्हणजे बिघाड की आणखी काही, हे कळायला वेळ जातो. शिवाय त्यात एक गमतीशीर त्रास आहे. पीसी सुरू होताना सिरियल पोर्टवर सतत काही येत असेल तर विंडोज त्याला सिरियल माउस समजू शकतं, आणि मग स्क्रीनवर कर्सर वेड्यासारखा उड्या मारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ असं काही दिसलं तर ते डिसेबल करायचं.

ए अँड डीच्या बॅलन्सला क्यू हे अक्षर आणि त्यामागे कॅरेज रिटर्न, लाइन फीड (ओळ संपल्याचे दोन कोड, १३ आणि १०) पाठवलं की तो त्या क्षणाचं वजन देतो. एस पाठवलं तर वजन स्थिर होईपर्यंत थांबून मग देतो. रात्रभराच्या कामाला क्यू घ्या. ओव्हनमधल्या हवेमुळे टांगलेली जाळी हलत असेल तर एसचं उत्तर कितीही वेळ येणार नाही आणि तुमची स्क्रिप्ट ताटकळत बसेल. मेटलर टोलेडोच्या बॅलन्सवर हेच काम एसआय आणि एस करतात. नावं कंपनीगणिक बदलतात, तत्त्व तेच.

उत्तराची ओळ अशी दिसते: आधी एसटी, स्वल्पविराम, मग चिन्हासकट वजन, शेवटी एकक. एसटी म्हणजे स्थिर. त्याजागी यूएस आलं तर वजन अजून हलतंय, ओएल आलं तर क्षमतेबाहेर गेलं. ही दोन अक्षरं कोणीही फेकू नका. पुष्कळ जण फाइलमध्ये फक्त आकडा ठेवतात आणि नंतर आलेखात एक टोक उंच दिसलं की डोकं खाजवत बसतात. जी ओळ आली ती जशीच्या तशी ठेवायची, पुढे फक्त तारीख-वेळ लावायची. आकडा वेगळा काढणं, ग्रॅमचं टक्क्यात रूपांतर, हे सगळं नंतर दुसऱ्या फाइलमध्ये. मूळ ओळ हाताशी असली की हिशेबाची रीत बदलली तरी प्रयोग पुन्हा करावा लागत नाही.

आता प्रोग्रॅम. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मोड कमांडने पोर्टची सेटिंग करून टाइप कमांडने पोर्ट थेट फाइलमध्ये वळवता येतो. चाचणीला ठीक, कामाला नाही. त्यात वेळेचा शिक्का नाही, उत्तराची वाट किती बघायची याला मर्यादा नाही, आणि मध्ये अडकलं तर अडकलं. पुटीसोबत येणारा प्लिंक सिरियल पोर्टला जोडतो आणि आलेलं सरळ बाहेर देतो. आपणहून बोलणाऱ्या यंत्राला तो छान, पण विचारा, थांबा, उत्तर आलं नाही तर वेगळं काही करा, हे त्याला स्वतःला जमत नाही. त्यासाठी वर दुसरी स्क्रिप्ट लागते.

तुमच्या जागी मी टेरा टर्मच ठेवीन, फक्त हाताने उघडण्याऐवजी त्याची मॅक्रो भाषा (त्याची कामं स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायची भाषा) वापरेन. ती प्रयोगशाळेतल्या कोणालाही वाचून समजते आणि वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मॅक्रोचा ओघ असा: कनेक्ट कमांडने तुमचा कॉम पोर्ट उघडायचा आणि जतन केलेली सेटिंग फाइल त्यालाच द्यायची. टाइमआउट ३ सेकंद ठेवायचा. मग फेरी सुरू. प्रत्येक फेरीत आधी फ्लशरिसीव्हने जुनं साचलेलं फेकून द्यायचं, नाहीतर एखादं उशिरा आलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाच्या नावावर जमा होतं आणि तिथून सगळी फाइल एक घर सरकते. मग सेंडने क्यू आणि त्याला जोडून तेरा आणि दहा हे दोन कोड पाठवायचे. सेंडएलएन वापरलं तर ओळीच्या शेवटी काय जाईल हे टेरा टर्मच्या सेटिंगवर ठरतं, म्हणून मी ते टाळतो. मग रिसीव्हएलएन. त्यानंतर रिझल्ट हा व्हेरिएबल शून्य असेल तर फाइलमध्ये वेळ आणि ‘उत्तर नाही’ असं लिहायचं, नाहीतर वेळ आणि आलेली ओळ. मग पॉज ३०, आणि पुन्हा वर.

‘उत्तर नाही’ ही ओळ म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं निम्मं फळ आहे. सकाळी फाइलमध्ये २ वाजून १० मिनिटांपासून ती दिसली आणि ४ वाजता पुन्हा वजनं सुरू झाली, तर पीसी जागा होता आणि बॅलन्स किंवा केबल गेली होती. त्या दोन तासांत ओळीच नसतील तर पीसी झोपला होता किंवा मॅक्रो बंद पडला होता. वायरमनला बोलवायचं की संगणकवाल्याला, हे फाइलच सांगते.

पॉज ३० ठेवल्याने फेरी बरोबर ३० सेकंदांची होत नाही, हेही लक्षात असू द्या. विचारणं, उत्तर येणं आणि फाइल लिहिणं यात अर्धा सेकंद गेला तर आठ तासांत ९६० ऐवजी ९४४ नोंदी होतील. म्हणून आलेख काढताना ‘अमुकावी ओळ म्हणजे इतकी मिनिटं’ असा हिशेब करू नका, वेळेचा शिक्काच वापरा. पीसीचं घड्याळ इंटरनेटशी जुळवून घेत नसेल तर आठवड्यातून एकदा तपासा. वाळवणीच्या आलेखाला दोन सेकंदांची चूक चालते, दहा मिनिटांची नाही.

फाइल रोजची वेगळी ठेवा आणि नावात तारीख घाला. प्रत्येक ओळीला फाइल उघडा, शेवटी जोडा, बंद करा. हे उधळपट्टीचं वाटतं, पण वीज गेली तर जास्तीत जास्त एक ओळ जाते. आणि इथेच तुमचा लॉग थांबण्याचं एक कारण असू शकतं. रात्रपाळीतल्या कोणी ‘किती उतरलं बघू’ म्हणून तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली तर एक्सेल ती स्वतःकडे अडकवून ठेवतं आणि दुसऱ्या कोणाला तिच्यात लिहू देत नाही. मॅक्रोत याची सोय नसेल तर नोंदी गप्प गळतात. बघायचं असेल तर आधी कॉपी करा आणि कॉपी उघडा. शक्य असेल तर मूळ फोल्डर इतरांना दिसूच देऊ नका, दर दहा मिनिटांनी दुसरीकडे कॉपी होऊ द्या.

लॉग थांबण्याची बाकीची कारणं बहुतेक विजेशी जोडलेली असतात. पीसीची स्लीप बंद करा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची सेटिंग असते, तीही बंद करा. तिच्यामुळे विंडोज रिकामा वाटणारा यूएसबी पोर्ट झोपवतं आणि काही कन्व्हर्टर त्यातून धड उठत नाहीत. अपडेटनंतर रात्री आपोआप रीस्टार्ट होणार नाही अशी वेळ ठरवा. कन्व्हर्टर स्वस्तातला असेल तर बदला. बाजारात प्रोलिफिकच्या नावाने नकली चिप असलेले पुष्कळ मिळतात आणि नवा ड्रायव्हर आला की ते चालेनासे होतात. खऱ्या एफटीडीआय चिपला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी भोकात लावला तरी कॉम नंबर तोच राहतो. असा क्रमांक नसलेला कन्व्हर्टर जागा बदलली की कॉम ३ चा कॉम ७ होतो, आणि मॅक्रो बिचारा कॉम ३ शोधत राहतो.

लोडशेडिंगचं वेगळं सांगायला हवं. पीसीला यूपीएस असतो, बॅलन्सला कोणी देत नाही. बहुतेक बॅलन्स सुरू होताना त्या क्षणी जो भार असेल त्यालाच शून्य धरतात. म्हणजे पाच सेकंद वीज गेली आणि आली, तर टांगलेल्या नमुन्यासकट तो शून्यापासून मोजायला लागतो. काही मॉडेल वीज आल्यावर स्वतःहून सुरूही होत नाहीत, कोणीतरी बटण दाबेपर्यंत गप्प राहतात. ती सेटिंग मेनूत सापडते, पण शून्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. बॅलन्सचा अडॅप्टर अगदी थोडीच वीज खातो, त्यालाही त्याच यूपीएसवर घ्या. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा बदल आहे.

मॅक्रो आपोआप सुरू होण्यासाठी टास्क शेड्युलर वापरा. त्याला टीटीपीमॅक्रो (टेरा टर्मचे मॅक्रो चालवणारा प्रोग्रॅम) आणि तुमच्या मॅक्रो फाइलचं नाव द्यायचं. एक अट: टेरा टर्म हा खिडकीवाला प्रोग्रॅम आहे, त्याला लॉगिन झालेला वापरकर्ता लागतो. तुमच्या पीसीवर रात्री कोणी लॉगिन राहू नये असा नियम असेल तर पॉवरशेल घ्या. विंडोजमध्ये तो आधीच असतो आणि त्यातून डॉटनेटचा सिरियलपोर्ट थेट वापरता येतो. वाचण्याची कालमर्यादा ३००० मिलिसेकंद ठेवली की उत्तर न आल्यास तो एरर देतो, आणि तो एरर पकडून तीच ‘उत्तर नाही’ ओळ लिहायची. त्यात ओळीचा शेवट म्हणून नुसता लाइन फीड धरलेला असतो. तो कॅरेज रिटर्नसकट करून घ्या, नाहीतर प्रत्येक ओळीला एक न दिसणारं शेपूट राहतं आणि पुढे एक्सेलमध्ये आकडा मजकूर म्हणून बसतो.

पायथन? एका बॅलन्ससाठी नको. चार-पाच यंत्रं एकाच पीसीवर आली, प्रत्येकाची बोलण्याची रीत वेगळी असली, की मग शिका. पायसिरियल नावाची लायब्ररी आहे आणि त्यात वरचं सगळं अधिक नेटकं होतं.

पुढे कधी जुना पीसी काढून रास्पबेरी पाय लावावासा वाटला तर लिनक्सवर टिओ किंवा पिकोकॉम आहेत. नुसतं एसटीटीवाय (पोर्टची सेटिंग करणारी कमांड) आणि कॅटही (आलेलं बाहेर देणारी) चालतं, पण एसटीटीवायमध्ये रॉ आणि इको बंद हे दोन्ही द्याच. इको चालू राहिला तर बॅलन्सने पाठवलेली ओळ लिनक्स त्यालाच परत पाठवतं. बॅलन्स म्हणतो ही कमांड कळली नाही, ते उत्तरही परत जातं, आणि दोघं रात्रभर एकमेकांशी भांडत बसतात. कॅटच्या पुढे ओळी निवडणारे ग्रेप किंवा ऑक जोडलात तर बफरिंगचा फटका बसतो. हे प्रोग्रॅम फाइलकडे लिहिताना साधारण ४०९६ बाइट साठवतात आणि मग एकदम सोडतात. बॅलन्सची ओळ १७ बाइटची असली तर त्यात २४० ओळी मावतात. ३० सेकंदांच्या वेगाने तुमची फाइल दोन तास रिकामी दिसेल आणि पुढे अर्ध्या ओळीवर तुटलेली. ग्रेपला लाइन बफर्डचा पर्याय आहे, तो द्यायचा. पोर्टचं नावही टीटीवाययूएसबी शून्य असं न लिहिता बाय-आयडी फोल्डरमधलं घ्या, म्हणजे यंत्रांची अदलाबदल होणार नाही.

एक गोष्ट परिस्थितीवर सोडतो. ही नोंद फक्त तुमच्या प्रक्रियेच्या सुधारणेसाठी असेल तर साधी टेक्स्ट फाइल भरपूर झाली. उद्या एखाद्या औषध कंपनीच्या ऑडिटमध्ये ती दाखवायची वेळ आली तर नाही चालणार. अमेरिकेच्या एफडीएचा १९९७ पासूनचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम कोणी, कधी, काय बदललं याचा माग मागतो, आणि टेक्स्ट फाइल कोणीही नोटपॅडमध्ये उघडून बदलू शकतो. तिथे असा माग ठेवणारं आणि पडताळणी झालेलं सॉफ्टवेअर लागतं.

रात्रीच्या भरवशावर सोडण्याआधी दिवसा मुद्दाम बिघाड करून बघा. मॅक्रो चालू ठेवून बॅलन्स बंद करा, मग सिरियल केबल काढा, मग यूएसबी कन्व्हर्टर उपसून परत लावा, शेवटी फाइल एक्सेलमध्ये उघडा. पहिल्या दोन वेळी ‘उत्तर नाही’ यायला हवं आणि जोडल्यावर वजनं आपोआप सुरू व्हायला हवीत. कन्व्हर्टर उपसल्यावर मात्र जोडणीच तुटते. मॅक्रोने टेस्टलिंकने ते ओळखून पुन्हा कनेक्ट करायला हवं, ते आपोआप होत नाही, वेगळं लिहावं लागतं. पीसीच उत्तर देत नाही असं वाटलं तर केबल यंत्रापासून सोडवा, तिच्या त्या मोकळ्या टोकाच्या पिन २ आणि ३ एका तारेने जोडा आणि काही टाइप करा. तेच अक्षर परत दिसलं तर पीसी, कन्व्हर्टर आणि केबल ठीक, दोष पुढे आहे. एवढं करूनही अडलं तर बॅलन्सचं पूर्ण मॉडेल, मेनूतली चारही सिरियल सेटिंग (वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट) आणि बिघडलेल्या फाइलच्या दहा ओळी टाका, बघू.